परके आणि उपरी : वचनदत्त भूमीचा करार आपण कसा वाचावा?

प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या रविवारी, तीन वर्षांच्या वाचनचक्रात एकदा, उत्पत्तीच्या पुस्तकातील पंधराव्या अध्यायाचे वाचन मिस्साबलिदानात केले जाते. १६ मार्च २०२५ रोजी ते आपण सर्वांनी ऐकले. परमेश्वर अब्रामाला बाहेर नेऊन आकाशातील तारे दाखवतो, त्याच्याशी करार करतो आणि त्याच्या वंशजांना भूमी देण्याचे वचन देतो. त्या दिवशी मिस्सा संपल्यावर एक वयस्क धर्मग्रामस्थ आमच्यापाशी आले व म्हणाले, “फादर, ती जमीन रिकामी होती का?” आम्ही काही बोलण्यापूर्वीच ते पुढे म्हणाले, “रात्री बातम्यांत गाझाची चित्रे बघतो आणि सकाळी चर्चमध्ये हे वाचन ऐकतो. दोन्हींचा मेळ काही बसत नाही.”

देवळाच्या दारात उभ्या उभ्या आम्ही त्यांना जे उत्तर दिले ते आमचे आम्हालाच अपुरे वाटले. हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. शास्त्राभ्यासाच्या वर्गांत, तरुणांच्या मेळाव्यांत, घरगुती प्रार्थनासभांत तो वेगवेगळ्या शब्दांत पुढे येतो. देवाने एकाला भूमी दिली म्हणजे दुसऱ्याची काढून घेतली काय? ते वचन आजही लागू आहे काय? असल्यास आज त्या भूमीवर जे रक्त सांडले आहे त्याला देवाची संमती आहे असे समजावे काय? हे प्रश्न टाळणे योग्य नव्हे. म्हणून पवित्र शास्त्र या भूमीविषयी प्रत्यक्ष काय सांगते, ते क्रमाने पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

वचन दिले तेव्हा भूमी रिकामी नव्हती

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पवित्र शास्त्र स्वतःच देते. अब्राम हारान सोडून निघाला तेव्हा परमेश्वराने त्याला केवळ एक देश ‘दाखवीन’ असे सांगितले होते. तो देश कोणता, हे त्याला शखेम येथे पोहोचल्यावर कळले. तेथे वचन देण्याच्या अगदी आधीच्या ओळीत शास्त्रलेखक नोंद करतो की, त्या काळी त्या देशात कनानी लोक राहत होते (उत्पत्ती १२:६-७). पंधराव्या अध्यायात तर तेथील एकूण दहा जमातींची नावे दिलेली आहेत. भूमी ओसाड होती, तिला कोणी वाली नव्हता, असा दावा शास्त्र कोठेही करीत नाही.

वचन मिळाल्यावर अब्रामाच्या वाट्याला प्रथम काय आले? दुष्काळ आला. पोट भरण्यासाठी त्याला मिसर देशात जावे लागले. परत आल्यावर त्याच्या आणि पुतण्या लोटाच्या गुराख्यांत चराईवरून भांडणे सुरू झाली. अब्राम वडीलधारा होता आणि वचनही त्यालाच मिळाले होते. तरी त्याने लोटाला सांगितले की, तुला हवी ती बाजू तू घे, उरलेली मी घेईन. लोटाने यार्देनेकाठचा पाणथळ, सुपीक प्रदेश निवडला. भांडण नको म्हणून आपला हक्क सोडून देणाऱ्या या माणसाला त्यानंतर लगेच परमेश्वराने तेच वचन पुन्हा दिले (उत्पत्ती १३). प्रसंगांचा हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

कापलेल्या पशूंमधून कोण गेला?

पंधराव्या अध्यायातील विधी आपल्याला विचित्र वाटतो. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी व तीन वर्षांचा मेंढा आणून त्यांचे दोन दोन भाग समोरासमोर ठेवले जातात. होला आणि पारव्याचे पिल्लू मात्र चिरले जात नाही. सूर्य मावळतो, अब्रामाला गाढ झोप लागते, आणि धुराची भट्टी व जळती मशाल त्या तुकड्यांच्या मधून जाते.

आपण करार ‘लिहितो’. इब्री भाषेत करार ‘कापतात’. ‘करार करणे’ यासाठीचा त्यांचा शब्दप्रयोगच तसा आहे. करार करणारे कापलेल्या पशूंच्या मधून चालत जात आणि त्यातून असे सूचित करीत की, मी वचन मोडले तर माझीही गत या पशूंसारखी होवो. पुढे यिर्मया संदेष्ट्याच्या काळी यरुशलेमच्या धनिकांनी आपल्या गुलामांना मुक्त करण्याचा करार असाच वासरू कापून केला आणि नंतर मोडला, तेव्हा संदेष्ट्याने त्यांना याच विधीची आठवण करून दिली (यिर्मया ३४:१८-२०).

उत्पत्तीतील विधीत लक्षणीय गोष्ट अशी की, अब्राम त्या तुकड्यांमधून चालत जात नाही. तो झोपलेला आहे. अग्नीच्या रूपाने एकटा परमेश्वरच तेथून जातो. म्हणजे शपथेचे सारे ओझे देवाने स्वतःच्या शिरावर घेतले. या भूमीच्या वचनाचा पाया माणसाची लायकी वा बळ नसून देवाची निष्ठा आहे, हे या विधीतून प्रकट होते. याच अध्यायात परमेश्वर असेही सांगतो की, तुझे वंशज चारशे वर्षे परदेशात दास्य करतील, कारण अमोरी लोकांचे पाप अद्याप पुरे भरलेले नाही (१५:१३-१६). देव तेथील मूळ रहिवाशांकडेही न्यायाधीशाच्या दृष्टीने पाहत आहे. त्यांना घाईने हुसकावण्याचा परवाना तो अब्रामाला देत नाही.

विकत घेतलेले एकच शेत

अब्राहामाच्या हयातीत त्याच्या मालकीची किती जमीन झाली? पाऊलभरसुद्धा वतन त्याला मिळाले नव्हते, असे संत स्तेफन धर्मसभेपुढील आपल्या भाषणात म्हणतो (प्रेषितांची कृत्ये ७:५). जी काही थोडी जमीन त्याने घेतली, ती साराच्या दफनासाठी पैसे मोजून घेतली होती.

हा व्यवहार उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात तपशिलाने आला आहे. सारा हेब्रोन येथे मृत्यू पावली. अब्राहाम गावच्या वेशीत हित्ती लोकांपुढे उभा राहिला. देवाने हा देश मला देऊ केला आहे, असे तो म्हणाला नाही. आपण त्यांच्यामध्ये परके आणि उपरी आहोत, असे सांगून त्याने त्यांना लवून नमस्कार केला आणि कबरेसाठी जागा मागितली. एफ्रोन हित्तीने प्रथम जागा फुकट देऊ केली. अब्राहामाने ती तशी घेतली नाही. एफ्रोनाने सांगितलेले चारशे शेकेल रुपे त्याने सर्वांसमक्ष तोलून दिले, आणि मकपेला येथील शेत, त्यातील गुहा व झाडे यांच्यासह, साक्षीदारांसमोर त्याच्या नावे झाले.

ज्याला साऱ्या देशाचे वचन मिळाले होते, त्याने कबरेपुरती जागा स्थानिक लोकांच्या रीतीने आणि त्यांच्या संमतीने विकत घेतली. पुढे अब्राहाम मृत्यू पावला तेव्हा त्याच गुहेत इसहाक आणि इश्माएल या दोघा पुत्रांनी मिळून त्याला मूठमाती दिली (उत्पत्ती २५:९). हेब्रोन येथील त्या स्थळाला यहुदी आणि मुस्लिम दोघेही आज पवित्र मानतात. १९२९ साली हेब्रोन शहरात ६७ यहुदी मारले गेले आणि १९९४ साली त्याच पवित्र स्थळी नमाज पढणाऱ्या २९ मुस्लिमांची एका यहुद्याने गोळ्या घालून हत्या केली. पित्याच्या कबरेपाशी एकत्र आलेल्या त्या दोन भावांचे स्मरण तेथे कोणी केले असते तर, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

‘वतन’ आणि ‘उपरी’ : मराठी बायबलमधील दोन शब्द

येथे मराठी भाषेने आपल्याला एक मोठी देणगी दिली आहे. मराठी बायबलच्या जुन्या भाषांतरकारांनी भूमीच्या वारशासाठी ‘वतन’ हा शब्द योजला, तर परदेशातून येऊन राहिलेल्यासाठी ‘उपरी’ हा शब्द घेतला. हे दोन्ही शब्द महाराष्ट्राच्या गावगाड्यातले आहेत. वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा वंशपरंपरागत हक्क. मराठेशाहीतील गावात जमीन कसणाऱ्यांचे दोन प्रकार असत. ज्याचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क होता तो मिरासदार, आणि जो बाहेरून येऊन हक्काविना जमीन कसत असे तो उपरी.

आता लेवीयच्या पुस्तकातील पंचविसावा अध्याय वाचून पाहावा. इस्राएल लोकांना प्रत्येक घराण्याला वतन मिळणार आहे. तरीही परमेश्वर त्यांना बजावतो की, जमीन कायमची विकू नये, कारण ती माझी आहे आणि तुम्ही माझ्यापाशी परके व उपरी आहात (लेवीय २५:२३). अब्राहामाने हित्ती लोकांसमोर स्वतःविषयी जे दोन शब्द उच्चारले होते, तेच दोन शब्द परमेश्वर येथे साऱ्या इस्राएल राष्ट्राविषयी उच्चारतो. मूळ इब्री भाषेतही दोन्ही ठिकाणी शब्दांची तीच जोडी आहे.

आमच्या मते वचनदत्त भूमीविषयीच्या सर्व शास्त्रवचनांची किल्ली येथे आहे. शेजाऱ्याच्या संदर्भात इस्राएली माणूस वतनदार आहे. त्याची जमीन कोणी बळकावू शकत नाही. पण देवाच्या संदर्भात तो सदैव उपरीच आहे. भूमीचा खरा मिरासदार एकटा परमेश्वर. जो हे विसरतो, त्याचे वतनही धोक्यात येते.

याच एका तत्त्वातून भूमीविषयीचे सारे नियम निघाले. जमिनीची वाटणी घराण्यांच्या संख्येप्रमाणे आणि चिठ्ठ्या टाकून व्हावयाची होती. बलवानाने हवी ती घ्यावी असा प्रकार नव्हता (गणना २६:५२-५६). सलाफहादाच्या पाच मुलींना भाऊ नव्हता. त्यांनी मोशेपुढे उभे राहून आपला वाटा मागितला, आणि परमेश्वराने त्यांचा हक्क मान्य केला (गणना २७:१-११). सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावयाचा होता. पिकाची कापणी करताना शेताचे कोपरे गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी सोडावयाचे होते. मवाबी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली ती याच नियमामुळे. पन्नासावे वर्ष योबेल वर्ष. त्या वर्षी कर्जापायी गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत यावयाची आणि गुलाम झालेला आपल्या घरी जावयाचा. ख्रिस्तसभेने २०२५ साली जे योबेल वर्ष साजरे केले, त्याचे मूळ जमिनीच्या या कायद्यात आहे, हे आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात आले असेल?

बारा वंशांपैकी लेवी वंशाला मात्र जमिनीचा वाटा मिळाला नाही. परमेश्वरच त्यांचा वाटा ठरला (गणना १८:२०). आम्हा धर्मगुरूंनी हे वचन अधूनमधून वाचलेले बरे.

आकाशाकडे पाहावयास लावणारी जमीन

ती भूमी दुधामधाची होती असे आपण म्हणतो. परंतु अनुवादाच्या पुस्तकात तिचे वर्णन अधिक बारकाईने येते. मिसर देशात नाईल नदीचे पाणी होते. तेथे पेरणी करून पायाने पाणी द्यावे लागे. हा नवा देश डोंगराखोऱ्यांचा आहे, तो आकाशातून पडणाऱ्या पावसाचे पाणी पितो, असे मोशे लोकांना सांगतो (अनुवाद ११:१०-१२). तेथे उन्हाळाभर आकाश कोरडे असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला पाऊस येतो, तर मार्च-एप्रिलमध्ये शेवटचा. मराठी बायबलने त्यांना ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ पाऊस अशी आपल्या ओळखीची नावे दिली आहेत. यांपैकी एक चुकला तरी पीक हातचे जाई. मिसरात माणूस नदीकडे पाहत असे. येथे त्याला वर पाहावे लागे. दर वर्षी देवावर विसंबून राहावे लागेल अशीच भूमी देवाने आपल्या लोकांना दिली होती.

तिचा विस्तारही फार नव्हता. दानपासून बैर-शेबापर्यंत, म्हणजे उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत, सुमारे २४० किलोमीटर अंतर भरते. शास्त्रात सीमाही सर्वत्र सारख्या दिलेल्या नाहीत. उत्पत्ती १५ मध्ये ती फरात नदीपर्यंत जाते, तर गणना ३४ मध्ये पूर्वसीमा यार्देन नदीशी थांबते. आजच्या नकाशावर रेघा मारण्यासाठी या अध्यायांचा उपयोग करू पाहणाऱ्यांनी हा फरक नजरेआड करू नये.

यहोशवाच्या पुस्तकातील अवघड पाने

आता सर्वांत कठीण भागाकडे वळू या. यहोशवाच्या पुस्तकात शहरे जिंकल्याचे आणि तेथील सर्व माणसांना ठार केल्याचे उल्लेख येतात. ते वाचून ज्याचे मन अस्वस्थ होत नाही, त्याने प्रभू येशूची शिकवण नीट ऐकलेली नाही, असेच म्हणावे लागेल.

या पानांविषयी तीन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे, शास्त्रातच दोन प्रकारचे वृत्तांत शेजारी शेजारी आहेत. यहोशवाने सारा देश घेतला असे एका ठिकाणी म्हटले आहे (यहोशवा ११:२३), तर पुष्कळ देश घ्यावयाचा राहिला आहे असे लगेच पुढे म्हटले आहे (१३:१). शास्त्यांच्या पुस्तकाचा पहिला अध्याय तर कोणकोणत्या गावांतून कनानी लोक हलले नाहीत याची यादीच देतो. उत्खननेही याच दिशेने बोट दाखवतात. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहो येथे केलेल्या उत्खननात यहोशवाच्या काळातील तटबंदीचे मोठे शहर आढळले नाही. इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या, इ. स. पूर्व १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात इस्राएलचा उल्लेख येतो. म्हणजे तोवर हे लोक कनानात होते. पण ते तेथे कसे वसले, ही हकीकत एका झपाट्यातील विजयाहून अधिक गुंतागुंतीची व दीर्घ काळ चाललेली असावी, असे आज बहुतेक शास्त्राभ्यासक मानतात.

दुसरी गोष्ट ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजात म्हटले आहे की, जुन्या करारातील पुस्तकांत काही अपूर्ण आणि तात्कालिक गोष्टीही आहेत, तरी त्यांतून देवाची मानवाला शिकवण्याची रीत दिसून येते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २०१० साली ‘व्हेर्बुम डोमिनी’ या पत्रात जुन्या करारातील हिंसेच्या ‘अंधाऱ्या’ उताऱ्यांचा उल्लेख करून, ते ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचण्याचा आदेश दिला. ते उतारे कोणाही राष्ट्राला, कोणत्याही काळी, शेजाऱ्यावर शस्त्र उगारण्याचा हुकूम ठरत नाहीत.

तिसरी गोष्ट, इस्राएलच्या गर्वाला शास्त्र स्वतःच लगाम घालते. तुमच्या नीतिमत्तेमुळे ही भूमी तुम्हाला मिळत नाही, असे मोशे पुन्हा पुन्हा सांगतो (अनुवाद ९:४-६). एदोम, मवाब व अम्मोन यांच्या भूमीतील पाऊलभर जागाही घेऊ नका, कारण ती त्यांना मीच दिली आहे, असेही परमेश्वर बजावतो (अनुवाद २). इतर राष्ट्रांच्या भूमीचा दाताही तोच आहे. आणि कनानी लोकांसारखे वागलात तर ही भूमी तुम्हालाही ओकून टाकील, असा इशारा लेवीयच्या पुस्तकात आहे (१८:२८).

नाबोथाचा मळा

तो इशारा खरा ठरला. त्याची सुरुवात एका मळ्यापासून झाली असे म्हटले तरी चालेल. अहाब राजाला आपल्या वाड्याला लागून असलेला नाबोथाचा द्राक्षमळा भाजीसाठी हवा होता. त्याने बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. व्यवहार वाईट दिसत नव्हता. पण नाबोथाने नकार दिला, कारण ते त्याच्या वाडवडिलांचे वतन होते आणि त्यावर केवळ त्याची एकट्याची सत्ता नव्हती. राणी ईजबेलीला हे पटेना. राजा मागतो आणि प्रजा नाही म्हणते, हे तिच्या कल्पनेत बसत नव्हते. तिने राजाच्या नावे पत्रे पाठवली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार करवला, आणि अहाब मळ्याचा ताबा घेण्यास गेला. तेथे त्याची वाट पाहत एलीया संदेष्टा उभा होता (१ राजे २१).

येथे मारणारा आणि मरणारा दोघेही इस्राएली होते. वचनदत्त भूमी वचनाच्या लोकांकडूनच लुबाडली जाऊ शकते, आणि अशा वेळी देव ताबेदाराच्या बाजूने उभा न राहता रक्त सांडलेल्याच्या बाजूने उभा राहतो, हे एलीयाने दाखवून दिले. पुढे मीखा आणि यशया यांनीही घराला घर व शेताला शेत जोडत सुटणाऱ्यांवर असेच कोरडे ओढले.

अखेर इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन पडले, तर इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेम. लोक बंदिवान होऊन बाबेलला गेले. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा शेवट हृदय हेलावणारा आहे. माणसांनी न दिलेला विसावा त्या वर्षांत जमिनीने स्वतःच भोगून घेतला, असे तेथे म्हटले आहे (२ इतिहास ३६:२१).

तरीही वचन संपले नाही. यरुशलेमला वेढा पडलेला असताना आणि यिर्मया स्वतः कैदेत असताना त्याने चुलतभावाकडून अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे देऊन विकत घेतले आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात जपून ठेवावयास सांगितले (यिर्मया ३२). बाजारभावाने पाहिले तर हा शुद्ध वेडेपणा होता. बाबेलच्या बंदिवानांना मात्र त्याच यिर्मयाने लिहिले होते की, तेथे घरे बांधा, बागा लावा आणि त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा (यिर्मया २९). बंदिवासातीलच यहेज्केल संदेष्ट्याने भूमीच्या नव्या वाटणीचे दर्शन सांगताना एक अपूर्व गोष्ट सांगितली. तुमच्यामध्ये राहणाऱ्या उपऱ्यांनाही, ज्यांना तेथे मुलेबाळे झाली आहेत त्यांना, इस्राएल लोकांबरोबर वतन द्या (यहेज्केल ४७:२२-२३). उपऱ्याला वतन! सारे काही गमावल्यावर इस्राएलला आपल्या भूमीचा हा अर्थ उमगला.

प्रभू येशू आणि भूमी

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने सौम्य जनांना पृथ्वीचे वतन मिळेल असे आशीर्वचन दिले (मत्तय ५:५). हे ३७ व्या स्तोत्रातील शब्द आहेत आणि त्या स्तोत्रात भूमीसाठी तलवार उपसणाऱ्यांना नव्हे, तर धीर धरणाऱ्यांना वतनाचे आश्वासन आहे. ज्या शखेम परिसरात अब्राहामाला प्रथम वचन मिळाले, तेथेच याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीने येशूला विचारले की, उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमात? आत्म्याने व खरेपणाने केलेली उपासना कोणत्याही एका स्थळापुरती बांधलेली नाही, असे उत्तर तिला मिळाले (योहान ४). इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात अब्राहाम वचनदत्त देशातही तंबूत उपऱ्यासारखा राहिला असे म्हटले आहे, कारण त्याची दृष्टी देवाने उभारलेल्या नगराकडे लागली होती (इब्री ११:८-१६).

मग जुने वचन रद्द झाले काय? नाही. देवाची दाने आणि त्याचे पाचारण मागे घेतले जात नाही, असे संत पौल यहुदी लोकांविषयीच लिहितो (रोमकरांस ११:२९). दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात हीच शिकवण पुन्हा मांडली. यहुदी लोक देवाने टाकून दिलेले आहेत असे बोलणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

परंतु आजच्या इस्राएल राज्याविषयी काय म्हणावे? यहुदी धर्माशी संबंधांसाठी असलेल्या व्हॅटिकनच्या आयोगाने १९८५ साली स्पष्ट मार्गदर्शन केले आहे. यहुदी लोकांची त्या भूमीशी असलेली धार्मिक नाळ ख्रिस्ती लोकांनी समजून घ्यावी. मात्र राज्याचे अस्तित्व आणि त्याचे राजकीय निर्णय यांकडे धार्मिक दृष्टीने न पाहता आंतरराष्ट्रीय कायद्याच्या सर्वमान्य तत्त्वांच्या आधारे पाहावे, असा त्याचा आशय आहे. त्यानुसार परमपीठाने ३० डिसेंबर १९९३ रोजी इस्राएलशी आणि २६ जून २०१५ रोजी पॅलेस्टाइनशी करार केले.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात इस्राएलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि सुमारे अडीचशे ओलीस धरली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये मृतांची संख्या दशसहस्रांवर गेली. मृतांमध्ये बालके होती, आपले ख्रिस्ती बांधवही होते. १७ जुलै २०२५ रोजी गाझातील पवित्र कुटुंबाच्या चर्चवर इस्राएली सैन्याचा तोफगोळा पडून तीन जण मृत्यू पावले. याच धर्मग्रामाला पोप फ्रान्सिस युद्धकाळात जवळपास रोज दूरध्वनी करून विचारपूस करीत असत. ना त्या हल्ल्याला, ना त्या विध्वंसाला अब्राहामाशी केलेल्या कराराचा आधार आहे.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल बांधवांची आठवणही येथे करणे उचित ठरेल. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले जाणारे हे मराठी बोलणारे यहुदी शतकानुशतके येथे निर्भयपणे राहिले. १९४८ नंतर त्यांपैकी बहुसंख्य लोक वचनदत्त भूमीच्या ओढीने इस्राएलला गेले. तेथे काही धर्माधिकाऱ्यांनी विवाहाच्या बाबतीत त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली. त्यांना आंदोलन करावे लागले, तेव्हा कुठे १९६४ साली त्यांना पूर्ण समान मानण्यात आले. परक्या मुलखात शेजाऱ्यांनी आपले मानले आणि वाडवडिलांच्या भूमीत मात्र उपरी ठरण्याची वेळ आली! लेवीयच्या पुस्तकातील ती आज्ञा प्रत्येक पिढीला नव्याने शिकावी लागते, ती अशी.

आपल्यासाठी बोध

ज्या धर्मग्रामस्थांनी आम्हाला तो प्रश्न विचारला, त्यांना आज आम्ही असे उत्तर देऊ : काका, ती जमीन रिकामी नव्हती आणि देवाला ते ठाऊक होते. म्हणूनच त्याने ती देताना मालकी आपल्याकडे ठेवली. घेणाऱ्याला त्याने वतन दिले आणि त्याच वेळी तू उपरी आहेस हेही सांगितले. यांतला पहिला अर्धा भाग घट्ट धरून दुसरा अर्धा सोडून दिला की वचनाचे शस्त्र होते. हे प्राचीन इस्राएलमध्ये घडले, आजही घडते आणि आपल्या घरातही घडू शकते. सातबाऱ्यावर आपले नाव असते, पण बहिणीचा वाटा, कुळाचा हक्क, शेजाऱ्याची वाट आणि पुढच्या पिढीचे पाणी यांचा हिशेब घेणारा खरा मालक वेगळा आहे.

सायंप्रार्थनेत आपण दररोज पवित्र मरियेचे स्तोत्र म्हणतो. त्याच्या शेवटी अब्राहामाला व त्याच्या वंशजांना दिलेल्या वचनाची आठवण आहे. ती ओळ म्हणताना हेब्रोन, यरुशलेम, बेथलेहेम आणि गाझा येथील यहुदी, मुस्लिम व ख्रिस्ती अशा सर्व लेकरांचे आपण स्मरण करू या. इसहाक आणि इश्माएल हे दोघे भाऊ पित्याच्या कबरेपाशी एकत्र आले होते. ते जिवंतपणी एका अंगणात यावेत, ही प्रार्थना करणे आपल्या हाती आहे.